प्रश्न क्रमांक सतरा

चार नंबरच्या खोलीतला दिवा दर सात मिनिटांनी जायचा. तो बिघाड नव्हता, सुधारणा होती. खोलीत कोणी हललं नाही की इथे माणूस नाही असं समजून दिव्याने आपणहून विझायचं, अशी सोय केलेली होती. तेव्हापासून संस्थेची वीज वाचू लागली होती आणि विद्यार्थी वाचायचे थांबले होते. खोलीला खिडकी नव्हती. त्यामुळे भर दुपारी विचार करत बसलेल्या माणसावर अमावास्या यायची.

त्या दिवशी आत ती बसली होती. ‘शाश्वतता आणि संस्थात्मक बदल’ या नव्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा मसुदा लिहीत होती, आणि विचार करताना पुतळ्यासारखं बसायची तिला सवय होती. दिवा गेला. तिने मान वर न करता डावा हात हवेत हलवला. दिवा आला. थोड्या वेळाने पुन्हा गेला, पुन्हा हात, पुन्हा आला. तिसऱ्या वेळी मात्र ती वैतागली आणि तिने दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवले.

दाराच्या काचेपलीकडे कोणीतरी उभं होतं. त्यानेही दोन्ही हात डोक्यावर नेले आणि हलवले.

दार उघडलं. “तुम्ही बोलावलंत?”

“मी? नाही… मी दिव्याला बोलावत होते.”

“असं होय! मघापासून मी बाहेरच्या फ्यूजपेटीशी काम करतोय. तुम्ही दोनदा हात केलात. म्हटलं, ओळख ना पाळख, आपण कशाला उत्तर द्या. तिसऱ्यांदा दोन्ही हात केलेत, तेव्हा म्हटलं आता न येणं बरं दिसणार नाही.”

“हा दिवा कोणत्या दीडशहाण्याने बसवलाय हो?”

“मी,” तो म्हणाला.

ती गप्प झाली. एवढी गप्प आणि एवढी स्थिर, की दिवा पुन्हा जातो की काय असं वाटलं. तो मात्र खुर्चीवर चढला, छतातल्या, हालचाल टिपणाऱ्या डोळ्यापाशी काहीतरी फिरवलं आणि म्हणाला, “वीस मिनिटं करून ठेवलीत. तुमच्यासाठी.”

“आणि बाकीच्यांचं काय?”

“बाकीचे इतका वेळ विचार करत नाहीत.”

तो संस्थेचा इमारत-अभियंता. पंप, पाइप, वायरी, लिफ्ट, गच्चीवरच्या टाक्या, म्हणजे जे जे बिघडेपर्यंत कोणाला आठवत नाही ते सगळं त्याच्याकडे. रोज सकाळी वही घेऊन तो इमारतीतले एकोणचाळीस मीटर वाचत हिंडायचा, म्हणून विद्यार्थ्यांनी त्याचं नाव ‘मीटरवाले’ ठेवलं होतं. चौदा वर्षांत त्याने एकही आकडा अंदाजाने लिहिला नव्हता. त्याचे वडील म्हणत, ह्याला कोणाकडे जेवायला न्यायची सोय नाही. माणसं सोडून हा त्यांचा गळका नळ बघत बसतो.

“कसला अभ्यासक्रम आहे?” खुर्चीवरूनच त्याने विचारलं.

तिने सांगितलं. या विषयावर तिला कोणी विचारलं की ती सविस्तरच सांगायची. आधी सहा वर्षं ती खोकी बनवणाऱ्या एका कंपनीत होती. कंपनी किती पाणी, किती वीज, किती कागद वाया घालवते याचा दीडशे पानी अहवाल दरवर्षी लिहायची. तो छापून पेटीतून यायचा आणि पेटी न उघडता कपाटावर चढवली जायची. सहावी पेटी चढवली गेली त्या दिवशी तिच्या डोक्यात उजेड पडला, की माहितीची टंचाई कुठेच नाही. माहीत असूनही माणसं कालच्यासारखीच का वागतात, हे मात्र कोणी शिकवत नाही. ते शिकवायला ती इथे आली. आणि दोन वर्षं नऊ जणांच्या समितीसमोर बसली. एकतीस बैठका झाल्या, त्यातल्या पाच नुसत्या नावावर. ‘बदल’ म्हटलं की लोक घाबरतात, असं एका सदस्याचं म्हणणं होतं. तो सदस्य खरोखरच घाबरलेला दिसत होता.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “कुठे गळतं ते मला माहीत आहे. चौदा वर्षांच्या वह्या आहेत माझ्याकडे. पण सांगूनही कोणी थांबवत का नाही… ते मात्र कळलेलं नाही.”

तिने पेन खाली ठेवलं. एकतीस बैठकांत जे कोणाला जमलं नव्हतं, ते हा गृहस्थ खुर्चीवर उभा राहून, हातात पेचकस घेऊन, सहज बोलून गेला होता. तिने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. कानाच्या पाळीला ग्रीस लागलेलं होतं. बाकी सगळं व्यवस्थित होतं. जरा जास्तच व्यवस्थित होतं.

“हे मी लिहून घेऊ?” तिने विचारलं.

“घ्या की. माझं काय जातंय?”

काय जातंय ते त्याला हळूहळू कळायला लागलं. पुढच्या चार महिन्यांत चार नंबरच्या खोलीत जेवढ्या दुरुस्त्या निघाल्या, तेवढ्या आधीच्या चौदा वर्षांत निघाल्या नव्हत्या. कधी बिजागरी करकरायची, कधी बटण सैल व्हायचं. एकदा तर तो दुपारी चार वाजता येऊन म्हणाला, “बघायला आलो, काही बिघडलंय का.”

“नाही. सगळं ठीक आहे.”

“मग बरंय,” असं म्हणून तो अर्धा तास बसला.

तीही काही कमी नव्हती. अभ्यासक्रमासाठी प्रत्यक्ष पाहणी हवी, असं स्वतःला बजावून ती रोज सकाळी त्याच्याबरोबर मीटर वाचायला निघू लागली. तो आकडा वाचायचा, ती वहीत लिहायची. एकदा गच्चीवर पाण्याची पातळी मोजताना बारीक सर आली. छत्री एकच होती आणि ती तिच्या हातात होती. तिने ती वहीवर धरली.

“मी भिजतोय,” तो म्हणाला.

“तुम्ही वाळाल. शाई नाही वाळत नीट. सांगा, आकडा सांगा.”

त्याच्या केसांतून पाणी ओघळत होतं आणि तो हसत होता. आजवर त्याच्याशी असं कोणी बोललेलं नव्हतं. हसताहसता त्याने आकडा चुकीचा सांगितला. लगेच दुरुस्तही केला… पण कान लाल व्हायचे ते झालेच. तिने वहीत खाडाखोड केली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, “चौदा वर्षांतली पहिली का हो?”

“पहिली.”

“जपून ठेवा.”

अभ्यासक्रम मंजूर झाला. संचालकांनी उत्साहाने दोन हजार माहितीपत्रकं छापून घेतली. जाड, चकचकीत आणि वर प्लास्टिकचा थर दिलेली. तिने दबक्या आवाजात विचारलं, प्लास्टिक कशाला? संचालक म्हणाले, “टिकाऊ नकोत?” मग त्यांनी अट सांगितली. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत बारा पूर्ण अर्ज हवेत. एक जरी कमी पडला, तर पुढच्या वर्षी बघू.

‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणजे काय, हे संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या वर्षी बघायच्या गोष्टींसाठी तळघरात एक वेगळी खोलीच होती. तिची दोन वर्षं त्या खोलीत जाणार, आणि ती सकाळी आठच्या तासाला पहिल्या वर्षाच्या पेंगणाऱ्या मुलांना ‘व्यवस्थापन म्हणजे काय’ हे सांगायला परत जाणार.

अर्ज येऊ लागले. साबण कारखान्यातल्या पाळीप्रमुख आल्या, रुग्णालयाचे भांडारपाल आले, एका हॉटेलची मुख्य स्वयंपाकीणही आली. अकरावर येऊन गाडी अडली. संगणकावर रोज तेच दिसायचं: पूर्ण अर्ज अकरा, अपूर्ण अर्ज एक. अर्ज पूर्ण होईपर्यंत अर्जदाराचं नाव कोणाला दिसायचं नाही, असा नियम होता. नियम चांगला होता. तिनेच केलेला होता.

“चोवीस प्रश्नांपैकी तेवीस भरलेत आणि एक सोडून बसलाय!” ती त्याला सांगत होती. तो खाली बसून टेबलाचा पाय घट्ट करत होता. “दोन आठवडे झाले! कोण असेल हा दिवटा?”

“अडचण असेल काहीतरी,” टेबलाखालून आवाज आला.

“कसली अडचण? नाव, पत्ता, पदवी, अनुभव. आळशी असणार. नाहीतर भित्रा.”

“भित्रा… असू शकेल.”

“भेटू दे मला एकदा. हात धरून बसवते आणि भरून घेते अर्ज.”

टेबलाखाली पेचकस पडल्याचा आवाज झाला.

“आणि तुमचं काय?” तिने वाकून विचारलं. “तुम्ही भरणार होतात ना? नुसतं ‘बघतो, बघतो’ म्हणताय.”

“बघतोय,” तो म्हणाला. तो तिच्याकडे बघत होता हे खरं. पण टेबलाखाली अंधार असल्यामुळे तिला ते दिसलं नाही.

गुरुवारी ताईचा फोन आला. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, दातांची डॉक्टर. ताई घरच्या सगळ्या फोनांसाठी काम करताकरताच वेळ काढायची.

“काय गं छोटे, बारावा मिळाला?”

“नाही. त्यांना म्हटलं होतं मी, तुम्ही भरा. ‘बघतो’ म्हणाले. विषयात एवढा रस, चार महिने माझं डोकं खाल्लं, आणि आता अंग चोरतायत. मला वाटलं होतं… जाऊ दे.”

“काय वाटलं होतं?”

“काही नाही.”

“एक मिनिट. अहो काका, तोंड उघडं ठेवा. हां. छोटे, खरं सांग. तुला तो विद्यार्थी म्हणून हवाय, की—”

“मला बारावा हवाय!”

“हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही झालं. काका, आता चूळ भरा.”

शुक्रवारी पावणेपाचला ती कार्यालयाच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. खिडकीत मोठ्या बाई बसत. या संस्थेच्या मुख्य लिपिक. गेली एकोणतीस वर्षं ही खिडकी त्या बरोबर पाचला बंद करत आल्या होत्या, आणि संस्थेतली घड्याळं त्यावर लावली जात.

“मोठ्या बाई, त्या अपूर्ण अर्जाचं नाव सांगा ना. एकदाच. मी जाऊन पाय धरते त्याचे.”

“नाव सांगता येत नाही. नियम आहे.” बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “तुमचाच आहे.”

“मग निदान कोणता प्रश्न राहिलाय ते?”

“ते चालेल. नियमात नाव आहे, प्रश्न नाही.” बाईंनी संगणकाकडे पाहिलं. “सतरावा.”

सतरावा प्रश्न तिला पाठ होता. बाविसाव्या बैठकीत तिने तो भांडून घालून घेतला होता. अर्जदाराचे अभ्यासक्रमातील कोणत्याही अध्यापकाशी निकटचे वैयक्तिक नाते आहे काय? हो किंवा नाही. ‘हो’ म्हणणाऱ्याचे पेपर दुसऱ्या कोणीतरी तपासायचे. ‘नाही’ म्हणणाऱ्याने पदवी हातात पडेपर्यंत, म्हणजे दोन वर्षं, तसं नातं जोडायचं नाही. ‘माहीत नाही’ असा तिसरा पर्याय ठेवावा का, असं एका सदस्याने भीत भीत विचारलं होतं. त्यावर ती म्हणाली होती, “एवढं तरी माणसाला माहीत असतंच की!”

“यात अडण्यासारखं काय आहे?” ती पुटपुटली.

“अनुभवाचा रकाना वाचू का?” मोठ्या बाईंनी निर्विकार चेहऱ्याने विचारलं. “नियमात अनुभवही नाही.”

“वाचा.”

“वीज आणि पाणी. चौदा वर्षे. याच इमारतीत.”

ती उभी होती तशीच उभी राहिली. मग एकदम वळली आणि जिन्याकडे धावत सुटली.

“पाचला खिडकी बंद होते!” मागून आवाज आला.

तळघरातल्या पंपाच्या खोलीत उबदार पाइपांचा वास भरला होता. तो स्टुलावर बसला होता. हातात फोन, फोनवर तो अर्ज. तिला दारात बघून तो गडबडीने उठला.

“तुम्ही?” ती धापा टाकत म्हणाली. “तो दिवटा… तुम्ही?”

“आळशी नाही,” तो म्हणाला. “भित्रा म्हणालात ते बरोबर होतं.”

“दोन आठवडे! तुम्ही टेबलाखाली बसून सगळं ऐकून घेतलंत! मला का नाही विचारलंत?”

“काय विचारणार?” त्याने फोनकडे पाहिलं. “‘हो’ लिहावं तर तुम्हाला न विचारता लिहिल्यासारखं. आणि विचारावं तर… तुम्हाला बारावा हवाय, बारावा मी. असा अर्ज हातात धरून बाईमाणसाला असलं काही विचारणं म्हणजे विचारणं नव्हे. अडवणूक झाली ती.”

“मग ‘नाही’ लिहून मोकळं व्हायचं!”

“खाली सही आहे. वरील माहिती खरी आहे म्हणून.” तो ओशाळं हसला. “खोटा आकडा लिहायची सवय नाही हो मला.”

पंप एकाएकी सुरू झाला. दोघंही दचकले. ती त्याच्या वहीकडे बघत होती आणि तो तिच्या चपलांकडे.

“पण आज लिहितो,” अखेर तो म्हणाला. “सगळ्यांचं अडलंय माझ्यापायी. अकरा माणसं, तुमची दोन वर्षं… तळघरातली ती खोली मला माहीत आहे, दर पावसाळ्यात तिच्यातलं पाणी मीच उपसतो. तिथे नको जायला तुमचं काम. ‘नाही’ लिहितो. दोन वर्षं काय, जातील. मला वाट बघता येते.”

त्याने अंगठा फोनवर नेला. अर्ज पूर्ण होणार होता. बारा होणार होते. तिने फक्त गप्प उभं राहायचं होतं. आणि गप्प, स्थिर उभं राहण्यात तिचा हात धरणारं संस्थेत कोणी नव्हतं.

“थांबा,” ती म्हणाली.

तो थांबला.

“अभ्यासक्रमाची प्रमुख म्हणून…” तिने बैठकीतला आवाज काढायचा प्रयत्न केला, पण तो मध्येच फाटला. “प्रमुख म्हणून तुम्हाला सावध करणं माझं काम आहे. खोटी माहिती दिली तर अर्ज बाद होतो.”

“खोटी?”

“तुमच्या बाजूचं तुम्ही बघा. माझ्या बाजूने… खोटी.”

पंप बंद पडला. अगदी नेमका त्या क्षणी. त्यामुळे ‘खोटी’ हा शब्द खोलीभर मोठ्यांदा ऐकू गेला. तिने ओठ दाताखाली धरले. तो बघत राहिला. मीटरवरचा आकडा पुन्हा पुन्हा तपासून बघावा तसा.

“म्हणजे… आहे?” त्याने विचारलं.

“गच्चीवर भिजलात त्या दिवसापासून आहे. त्याच्या आधीचं मला नक्की सांगता येणार नाही.”

“मग छत्री वहीवर का धरलीत?”

“तुमच्यावर धरली असती तर कळलं नसतं का तुम्हाला?”

त्याने ‘हो’वर अंगठा टेकवला. पडद्यावर ओळ उमटली: संबंधित अध्यापकाने कार्यालयीन वेळेत खिडकीवर समक्ष येऊन पुष्टी करावी.

“हा नियम कोणी केला?” तो ओरडला.

“मी!” ती ओरडली. आणि दोघंही जिन्याकडे धावले. लिफ्ट होती, पण वीज वाचावी म्हणून त्यानेच ती तळघरात थांबायची बंद केली होती. दुसऱ्या वळणावर तिची चप्पल निसटली. ती घालायला त्याने हात पुढे केला, तिने तो धरला, चप्पल घालून झाली, आणि हात सोडायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

पाचला सहा मिनिटं कमी होती. मोठ्या बाईंनी आधी हातांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग खणातून एक कोरा कागद काढला. “पुष्टीचा नमुना. दोन प्रती. नाते केव्हापासून?”

“चार महिने,” तो म्हणाला.

“दोन महिने,” ती म्हणाली, त्याच दमात.

“दोघांची मिळून एकच तारीख लिहायची असते,” बाई म्हणाल्या. “भांडण नंतर करा. पाच मिनिटं आहेत.”

“तुम्ही चार म्हणता ते कसं?” तिने त्याला विचारलं. “तेव्हा तर माझं नावसुद्धा माहीत नव्हतं तुम्हाला!”

“नाव रकाना एकमध्ये आहे,” बाई म्हणाल्या. “ही सहावी ओळ. चार मिनिटं.”

“आजची लिहू,” तो म्हणाला. “आजची दोघांनाही मान्य आहे.”

तिने आजची तारीख लिहिली.

“नात्याचे स्वरूप?” मोठ्या बाईंनी पुढचा रकाना पेनाच्या टोकाने दाखवला.

आता मात्र दोघंही थांबले. दोन वर्षांत तिने या अभ्यासक्रमासाठी शेकडो पानं लिहिली होती, आणि इथे बोटभर जागेत काय लिहावं ते तिला सुचेना. तिने पेन त्याच्याकडे दिलं. त्याने क्षणभर विचार केला, आणि मीटरच्या वहीत लिहायचा त्याच नेटक्या, सरळ अक्षरात लिहिलं: प्रेम.

मोठ्या बाईंनी ते वाचलं. नमुन्यात बसतं का ते पाहिलं. बसत होतं. त्यांनी दोन्ही प्रतींवर शिक्का मारला, संगणकावर काहीतरी दाबलं आणि पडद्याकडे बघून म्हणाल्या, “बारा.”

तिने डोळे मिटून घेतले. सोमवारपासून वर्ग सुरू. साबणवाल्या बाई, भांडारपाल, स्वयंपाकीण… आणि मागच्या बाकावर हा.

“एक राहिलं,” बाई म्हणाल्या. “ह्यांचे पेपर आता तुम्हाला तपासता येणार नाहीत. दुसरा परीक्षक नेमावा लागेल. कोण देऊ?”

तिने डोळे उघडले. त्याच्याकडे बघून गोड हसली. मग मोठ्या बाईंना म्हणाली, “तुमच्याकडे सगळ्यात कडक जो असेल, तो द्या.”

“अगं!” तो म्हणाला.

मोठ्या बाईंचा हात खिडकीच्या झडपेवर होता. चार महिने ज्या माणसाच्या तोंडून तिच्यासाठी ‘तुम्ही’शिवाय दुसरं काही निघालं नव्हतं, त्याच्याकडे त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं. पाच वाजले होते. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी झडप ओढायची ती ओढली नाही. तशीच धरून ठेवली, आणि पुढचं ऐकत बसल्या.